वाटी नाही, कल्हई

युसूफ, तुला मिट्टी द्यायला आलो होतो, पण मला खाली वाकता आलं नाही. लोक एकामागून एक पुढे येत होते, उकिडवे बसत होते, तीन मुठी माती टाकून बाजूला होत होते. माझी पाळी आली तेव्हा मी काठी धरून तसाच उभा राहिलो. माझा गुडघा काटकोनाच्या थोडा पुढे जातो आणि तिथे अडतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? शेवटी तुझ्या इमरानच्या ते लक्षात आलं. त्याने तीनदा वाकून माती उचलली आणि तीनदा माझ्या हातात दिली. मी ती उभ्यानेच सोडली. ती फार उंचावरून पडली असं मला वाटलं, आणि ते अजून मनातून जात नाही.

त्यानंतर मी घरात बसलो. खरं म्हणजे बसवला गेलो. सुमनने त्याच संध्याकाळी माझी सायकल जिन्याखाली नेली आणि साखळी घालून कठड्याला बांधली. कुलूप जुन्या ट्रंकेचं, आणि किल्ली कुठे आहे हे विचारायची सोय नाही. नितीन पुण्याहून रोज फोनवर चेहरा दाखवतो आणि चेहरा बघून झाला की माझ्याकडून वचन घेतो की पप्पा, सायकलचं नाव काढायचं नाही. मी नाव काढत नाही. गल्लीतली माणसं येतात, तुझ्याबद्दल हळहळतात आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणतात, सायकलनं नेलं बिचाऱ्याले. डॉक्टरने सांगितलं की हृदय बंद पडलं. पण हृदय कोणाला दिसत नाही, सायकल दिसते.

मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर असतो. समोर गॅलरीची जाळी, जाळीपलीकडे शेजाऱ्याची भिंत. मधे उभी आहे ती नितीनने पाठवलेली व्यायामाची सायकल, जिला तू घोडी म्हणायचास. चाकं नसलेली, एका जागी खिळलेली. सकाळ-संध्याकाळ मी तिच्यावर बसून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत पाय फिरवतो. पहिल्यांदा ती पाहिलीस तेव्हा तू तिच्याभोवती एक चक्कर मारलीस, घंटी आहे का ते पाहिलंस आणि गंभीरपणे विचारलंस, "कंट्रोलर, यावर किती पायडल मारले म्हणजे कामरगाव येते?" सुमनला राग आला होता. मला हसू आलं आणि हसताना टाके ओढले गेले. आता त्याच घोडीवर बसलो की खोलीतली हवा संपत चालल्यासारखी वाटते. घाम येतो, पायात ताकद आल्याचं कळतं, आणि उतरावं तर तीच फरशी.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, युसूफ, आणि तो तुलाच फक्त खटकायचा. आपल्या कारंज्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं कोणी म्हणत नाही, वाटी बदलली म्हणतात. याची वाटी बदलली, त्याच्या दोन्ही वाट्या बदलल्या. त्यामुळे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी असते. ती डॉक्टरने गुडघ्यात पालथी घालून बसवलेली आहे आणि जरा धक्का लागला की सरकणार आहे. सुमन मला मोरीत पाय ठेवताना दंड धरते तो त्या वाटीसाठी. रस्त्यात खड्डा असला की रिक्षावाल्याला हळू म्हणते ते वाटीसाठी. ज्या घरात रात्रंदिवस वाटी सरकायची भीती आहे, त्या घरातून सायकल कशी बाहेर पडणार?

तुझं ऑपरेशन माझ्या आधी झालं. अकोल्याहून परत आलास तेव्हा मी दुकानात भेटायला आलो होतो. चहूकडे स्टीलची भांडी, मधे तू पाय लांब करून बसलेला. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका बाईने विचारलं की वाटी दुकानातलीच बसवली का. तू तिला खाली बसवून समजावलंस. तुझे अब्बा खेडोपाडी भट्टी घेऊन फिरायचे, कथील आणि नवसागराच्या धुरात तू मोठा झालास, तुला भांड्यापलीकडे दुसरी भाषाच येत नव्हती. "वाटी बदलतच नाही, बाई," तू म्हणालास. "हाडाचं टोक घासून साफ करते अन् त्यावर धातूचा लेप चढवते. भांडं आपलंच राह्यते. याले कल्हई म्हणते." डॉक्टरने तुला चित्र काढून दाखवलं होतं आणि ते चित्र तुला एका नजरेत कळलं होतं. ती बाई कढई घेऊन गेली आणि दारातून म्हणाली की वाटीले जपा.

मी मात्र तुझ्याशी वाद घातला. मी म्हटलं, कल्हई उडते. म्हणून तर तुझ्या अब्बांना दर सहा महिन्यांनी त्याच गावात जावं लागायचं, आणि म्हणून तर लोकांनी पितळ सोडून स्टील घेतलं आणि तुझी भट्टी विझली. तू म्हणालास, भांडं वापरलं तर कल्हई किती टिकली ते तरी समजते, फळीवर ठेवलेल्या भांड्याची कल्हई राहिली काय आणि गेली काय, कोणाला पत्ता? मी म्हटलं, फळीवरचं भांडं निदान फुटत तरी नाही. हा वाद आपण दोन वर्षं घातला. माझी बाजू मला पटलेली होती असं नाही. मला टेबलावर आडवं व्हायची भीती वाटत होती आणि वाद चालू असेपर्यंत ऑपरेशन लांबत होतं.

तू मात्र सहा महिन्यांत रस्त्यावर होतास. पूर्वी आपण दोघं जायचो त्याच कामरगावच्या रस्त्याने रविवारी सकाळी एकटाच जायचास आणि परत येताना मुद्दाम माझ्या गल्लीतून घंटी वाजवत जायचास. मी जाळीतून बघायचो. तेव्हा माझे गुडघे इतके गेले होते की बस स्टँडच्या पायऱ्याही मी बाजूला वळून, एकेक करत उतरायचो. जिथे मी तीस वर्षं उभं राहून गाड्या सोडल्या त्या पायऱ्या. तुझी घंटी ऐकून मला जे वाटायचं त्याला जळफळाट हाच शब्द आहे. त्या घंटीमुळे मी अकोल्याला ऑपरेशनला गेलो.

आणि मग तू रोज संध्याकाळी दुकान इमरानवर सोडून माझ्याकडे यायला लागलास. फिजिओथेरपीवाला पोरगा हळुवार होता, तू नव्हतास. मला पलंगाच्या कडेला बसवायचास, पाय खाली सोडायला लावायचास आणि स्वतः खुर्ची ओढून समोर बसून माझी टाच मागे दाबायचास. मी ओरडायचो. आतून सुमन ओरडायची. तू दोघांनाही फक्त म्हणायचास, वाक. मला वाटायचं हा माणूस मागच्या जन्मीचा दावा साधतोय. पण गुडघा काटकोनापर्यंत आला तो तुझ्या हातांनी आणला. भांड्यांच्या वासाचे, टाच मागे दाबणारे ते हात. त्यांना मी कधी धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात ती पद्धतच नव्हती, आणि आता ती सुरू करायला तू नाहीस.

एकदा डॉक्टर म्हणाले होते की हा सांधा तुमच्यानंतरही टिकेल. त्यावर आपण किती हसलो होतो. तू म्हणालास, माझा मातीत राहील, तुझा राखेत सापडेल, म्हणजे हिशेबाला दोन्ही धातू शिल्लक. सुमनने अभद्र बोलू नका म्हणून दोघांना झापलं. त्या दिवशी कब्रस्तानात माती सोडताना मला हेच आठवलं आणि हसू येईल या भीतीने मी खाली मान घातली. लोकांना वाटलं, रडतोय. नंतर खरंच रडलो.

आपलं शेवटचं बोलणं भांडण होतं. शनिवारची संध्याकाळ. मला डॉक्टरने सायकलची परवानगी दिली होती. पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, मांडी घालायची नाही, बाकी सायकल चालवा, असं स्वच्छ सांगितलं होतं. तू म्हणालास, उद्या कामरगाव. मी म्हटलं, उद्या शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या. तू म्हणालास, मैदान म्हणजे घोडीच, फक्त वर आभाळ. मी म्हटलं की तुला काय, तुझ्यासाठी घाबरणारं घरात कोणी नाही. हे खरं नव्हतं आणि तुला लागलं. सुमनने चहा आणून ठेवला होता. तू उठलास.

"पी तुह्या घोडीसंगं," तू म्हणालास आणि गेलास. कपातल्या चहावर साय धरली.

रविवारी तू एकटा गेलास. कामरगावच्या रस्त्यावर एका कडुलिंबाखाली दूधवाल्याला दिसलास. तोच आम्हाला सांगायला आला. सायकल स्टँडवर व्यवस्थित लावलेली होती, पाण्याची बाटली अर्धी होती. आणि तू झाडाला टेकून मांडी घालून बसला होतास. हे त्याने अगदी सहज सांगितलं. त्याला काय माहीत की मांडी घालायला तुला मनाई होती, की मशिदीत मागच्या रांगेत खुर्चीवर बसून नमाज पढताना तू दर शुक्रवारी मनातल्या मनात कुढायचास. मला म्हणायचास की माणसानं अल्लापुढं खुर्ची टाकून बसावं, हे काही मले पटत नाही. माझंही विहारात तेच होत होतं. सगळे सतरंजीवर आणि मी भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्चीत, पाहुण्यासारखा. तू मला कधी सांगितलं नाहीस की तुझी मांडी जमते. किती दिवसांपासून जमत होती? चोरून करत होतास का? का त्याच सकाळी पहिल्यांदा घालून पाहिलीस? या एका गोष्टीचा मला तुझा हेवा वाटतो आणि या एका गोष्टीसाठी मला तुझ्याशी कडाडून भांडायचं आहे, आणि दोन्हीला आता जागा नाही.

असे दिवस चालले. तुझं मरण माझ्या घरात कुलूप होऊन बसलं. मी रागावलो की सुमनच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या पाण्यापुढे माणसाने काय करावं? मी स्वतःलाही समजावलं की बरं झालं. म्हातारपणी माणसाने घरात बसावं, पेपर वाचावा. पेपर वाचून व्हायचा आणि सकाळचे नऊसुद्धा वाजलेले नसायचे.

मग परवा सुमन म्हणाली की भाभींना भेटून यायला हवं. रिक्षाने गेलो. भाभी इद्दतीत आहेत. चार महिने दहा दिवस त्यांना उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. सुमन आत त्यांच्याजवळ गेली. मी बाहेरच्या खोलीत तुझ्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसलो. मधल्या दाराला पडदा होता. इतकी वर्षं ज्या बाईने मला हाताने पोळी वाढली, तिचा फक्त आवाज येत होता.

मी विचारायचं ते विचारलं. तब्येत, झोप, इमरानचं दुकान. त्यांनी विचारलं, गुडघा कसा आहे. मी म्हटलं, ठीक आहे. त्यांनी विचारलं, सायकल? मी सांगितलं की आता बंद केली, घरातच असतो, बाहेर पडतच नाही.

"भाऊ," भाभी म्हणाल्या, "मले चार महिने दहा दिवस घरात राहाचं आहे. माह्यं ठरवून देल्लं आहे. तुमी कायची इद्दत पाळून राह्यले?"

आत सुमनच्या बांगड्या वाजल्या.

"त्यायले सायकलनं नेलं म्हणून लोकं माह्या दारात येऊन सांगून राह्यले," त्या पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्यायचे शेवटचे दोन वर्स सगळ्यात सुखाचे गेले ते त्या सायकलीपायी. मी पाह्यलं आहे. तुमी असे घरात बसले तर लोकायचंच खरं होते."

घरी आल्यावर सुमन चप्पलही न काढता स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने सरळ विचारलं. "तिकडं रानात वाटी सरकली तं मी एकटी काय करू?"

मी तिला तुझी कल्हई सांगितली. वाटी माझीच आहे, जन्मापासूनची, ती कोणी काढली नाही, हाडांना वरून धातू चढवला आहे आणि तो हाडाला धरून बसला आहे, सरकायला तिथे सुटं काही नाही. तिने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं? काय सांगणार? तू सांगत होतास तेव्हा ती आतून तुझ्यावर ओरडत होती, आणि मी स्वतः फोनवर नितीनलाही वाटीच म्हणत होतो. तिने पदर बाजूला करून कमरेचा बटवा उघडला. किल्ली त्यात होती. इतके दिवस ती किल्ली अंगावर वागवत होती. माझ्या हातात दिली नाही, स्वतः जिन्याखाली जाऊन कुलूप काढलं आणि चाकात हवा नाही म्हणून वर माझ्यावरच चिडली.

आज रविवार. उजाडताच निघालो. दारापुढच्या ओट्याला सायकल टेकवली, तू दाखवलं होतंस तशी कलती केली, नवा पाय आधी पलीकडे घातला. पहिल्या फेरीला गुडघ्यात टक्क झालं. सुमन फाटकात उभी होती, तिने ते ऐकलं की नाही माहीत नाही. गल्ली संपली. बाजार समितीजवळ कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, त्यांच्या कडेने गेलो. डेपोसमोरून जाताना कोणीतरी कंट्रोलरसाहेब म्हणून हाक मारली, थांबलो नाही. गाव मागे पडलं तेव्हा मांड्या भरून आल्या होत्या, पण गुडघा दुखत नव्हता. भीती होती. पण घोडीवर जी हवा संपायची, ती इथे संपत नव्हती.

ट्रकांचा रस्ता सोडून आपण नेहमी शेतातल्या वाटेला लागायचो ना, तिथे लागलो. पुढे नव्या महामार्गाखालचा बोगदा आला, त्यातून पलीकडे गेलो. वाट उताराला लागली, एका तुरीच्या वावरापाशी अरुंद झाली आणि दोन धुऱ्यांच्या बांधांमधे संपली. मी उतरलो. चारी बाजूंनी बघितलं. मला काहीही ओळखीचं दिसेना. लिंबाचं ते झाड पुढे होतं की मागे राहिलं होतं, हेसुद्धा कळेना.

युसूफ, बावीस वर्षं आपण त्या रस्त्याने गेलो आणि मला तो रस्ता माहीत नाही. मी तो कधी पाहिलाच नव्हता. पुढे तू असायचास आणि मी तुझ्या पाठीकडे बघत पायडल मारायचो. तू डावा हात केलास की डावीकडे, उजवा केलास की उजवीकडे. मी गप्पा मारायचो, रस्ता तू बघायचास. सगळ्या जिल्ह्याच्या गाड्यांना वाट दाखवणारा कंट्रोलर मी, कारंज्यापासून घटकाभराच्या वाटेवर तुरीत हरवून उभा होतो. हसावं की काय करावं ते कळेना. मी कॅरिअरला बांधलेली काठी सोडवून हातात घेतली आणि तिथेच उभा राहिलो, बराच वेळ.

पलीकडच्या वावरात एक बाई कापूस वेचत होती. कमरेची ओटी भरलेली. मी हाक मारून विचारलं, कामरगावला कसं जायचं. ती धुऱ्यापर्यंत आली, मला पाहिलं, सायकल पाहिली, काठी पाहिली.

"बाबा, तुमी अलीकडच्या बोगद्यातून आले," ती म्हणाली. "मांगं जा अन् दुसऱ्यातून निघा, सीध्धा रस्ता आहे." मग माझ्या मागे, आलो त्या वाटेकडे तिने नजर टाकली, कोणी येतंय का ते बघायला. "संगं कोणी नाही काय?"

तू गेल्याचं मला सगळ्यांनी सांगितलं होतं, युसूफ. मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं, "एकटाच आहो." आणि सायकल वळवली.